मिलिमीटरचा हिशेब

नांदेडकडे निघालेली गाडी पूर्णा जंक्शन सोडते, की पुढचं स्टेशन येतं चुडावा. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातलं हे गाव काळ्या जमिनीच्या सपाट पट्ट्यात वसलं आहे. जवळपास डोंगर नाही, धरणाची भिंतही नजरेला पडत नाही. तरी या भागात यंदा पाणी किती आणि पूर केव्हा, हे बऱ्याच अंशी वर जिंतूर तालुक्यात ठरतं. तिथे पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. १९६८ साली पूर्ण झालेलं, सुमारे ५१ मीटर उंच, चार किलोमीटरहून लांब आणि ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी पोटात घेणारं. त्याच्या खालच्या अंगाला, आता हिंगोली जिल्ह्यात गेलेलं सिद्धेश्वर धरण आहे. येलदरीने पाणी साठवायचं आणि वीज करून खाली सोडायचं, सिद्धेश्वरने ते अडवून कालव्यात घालायचं, अशी पूर्णा प्रकल्पाची वाटणी आहे.

या दोन्ही धरणांच्या भिंतींचा मोठा भाग मातीचा आहे. मातीची असो वा दगडांच्या भरावाची, अशी भिंत बांधून झाली म्हणून स्थिर होत नाही. ती स्वतःच्या वजनाने बसत राहते, पाण्याच्या रेट्याने किंचित सरकते, तलाव भरला-उतरला की थोडी हलते. पहिल्या वर्षांत ही हालचाल सेंटिमीटरांत असते, नंतर मिलिमीटरांत आणि पन्नाशी गाठलेल्या धरणात मिलिमीटरच्याही अंशात. एवढ्याशा हालचालीवर पाळत ठेवायची कशाला, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर थोडक्यात असं: धरण किती बसलं यावरून त्याची तब्येत कळत नाही. बसण्याचा वेग ठरल्याप्रमाणे मंदावतो आहे का, यावरून ती कळते. आणि वेग कळायला त्याच जागेची, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षं खंड न पाडता घेतलेली मापं हवीत.

दगडांचा भराव बसतो कसा

महाराष्ट्रातल्या मातीच्या धरणाचा छेद घेतला तर मधोमध काळ्या मातीचा गाभा दिसतो. साइटवर त्याला हार्टिंग म्हणतात. पाणी अडवायचं काम त्याचं. दोन्ही बाजूंना मुरमाचं केसिंग असतं, ते गाभ्याला टेकू देतं. पाण्याच्या बाजूच्या उतारावर लाटांना तोंड द्यायला दगडांचं पिचिंग आणि खालच्या बाजूच्या पायथ्याशी झिरपा सुरक्षित बाहेर काढणारा रॉक टो. जिथे मुरूम कमी आणि चांगला खडक भरपूर, तिथे केसिंगच दगडांचं करतात. असं धरण म्हणजे दगडी भरावाचं धरण. हिमालयात ती दिसतात. भागीरथीवरचं टेहरी धरण मधे मातीचा गाभा आणि दोन्ही अंगांना दगड-गोट्यांचा प्रचंड भराव घालून २६०.५ मीटर उंच केलं आहे. उत्तराखंडमधल्याच धौलीगंगा धरणात मातीचा गाभाच नाही. तिथे दगडी भरावाच्या पाण्याकडच्या उतारावर काँक्रीटची चादर अंथरली आहे.

दगड मातीपेक्षा कणखर, मग दगडांचा भराव बसतो कसा? याचं उत्तर दोन दगड जिथे एकमेकांना टेकतात तिथे सापडतं. पन्नास मीटर उंच भरावाच्या तळाशी दर चौरस मीटरवर शंभर टनांच्या घरात भार येतो. हा भार सगळ्या पृष्ठभागावर पसरला असता तर बसाल्टला त्याचं काहीच वाटलं नसतं. पण सुरुंगाने फोडलेले दगड कडा-कोपऱ्यांवर टेकलेले असतात आणि सगळा भार त्या नाण्याएवढ्या, कधी त्याहूनही लहान टेकणीतून खाली जातो. तिथला दाब सरासरीच्या कैक पट होतो. टोक चुरडतं, दगड किंचित फिरतो, भार दुसऱ्या टोकावर जातो. लाखो टेकण्यांवर हे चालतं आणि वरून पाहणाऱ्याला माथा दोन मिलिमीटर खाली गेलेला दिसतो.

यात पाण्याचा वाटा मोठा असतो. दगडात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. चिरेच्या टोकाशी ओलावा पोहोचला की दगड तुटायच्या मर्यादेपेक्षा कमी ताणातही चीर हळूहळू वाढते. म्हणून आज टिकलेली टेकणी पाच वर्षांनी तुटू शकते, भार तेवढाच असला तरी. धरण पहिल्यांदा भरताना पाण्याकडचा भराव भिजून बसतो, त्याचंही कारण हेच. मधे गाभा असलेल्या काही धरणांचा माथा पहिल्या भरणीत आधी चक्क पाण्याच्या बाजूला झुकतो आणि तलाव आणखी चढल्यावर पाण्याच्या रेट्याने उलट दिशेला सरकतो. ठाऊक नसेल तर पाहणारा घाबरून जावा, असा हा प्रकार आहे.

दगड कसा रचला यावरही बरंच अवलंबून असतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणींसाठी पाणी साठवायला अशी धरणं बांधली गेली, तेव्हा दगड नुसते ओतत असत. पुढे उंचावरून ओतलेल्या थरांवर पाण्याचे जोरदार फवारे मारायची पद्धत आली. त्याच राज्यातलं १९३१ सालचं सॉल्ट स्प्रिंग्ज धरण शंभर मीटर उंचीचं होतं. अशा ओतीव भरावांचा माथा पुढे बसत राहायचा आणि वरचं काँक्रीट तडकून गळती लागायची. १९६० च्या दशकात थरथरणारा जड रोलर आला आणि चित्र पालटलं. पायली भरून दोनदा ठोकली की ज्वारी खाली बसते आणि आणखी मूठभर मावते, तसंच इथे झालं. पातळ थर अंथरायचा, पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. जे पुढच्या दहा-वीस वर्षांत बसायचं, त्यातलं बरंच बांधतानाच बसवून घेतलं जाऊ लागलं. ओतलेल्या भरावाचा माथा बांधकामानंतर उंचीच्या एक टक्क्यापर्यंत किंवा त्याहून अधिक खाली जाई. चांगल्या दाबलेल्या भरावात ढोबळमानाने हाच आकडा टक्क्याच्या दशांशात राहतो. म्हणजे पन्नास मीटर उंचीला दहा सेंटिमीटरच्या आसपास.

अभियंत्याला हे बसणं अपेक्षितच असतं. माथा बांधतानाच उंचीच्या एक-दोन टक्के जादा भर देतात, म्हणजे पुढे बसूनही पाण्याच्या पातळीपासून हवं तेवढं अंतर शिल्लक राहतं. पंधरा सेंटिमीटर बसलेलं धरण धोक्यात आहे आणि पाच सेंटिमीटर बसलेलं सुखरूप, असं म्हणूनच म्हणता येत नाही.

दहा वर्षांत जेवढं, नव्वद वर्षांत तेवढंच

अमेरिकेतले भूतंत्रज्ञ जॉर्ज सॉवर्स यांनी सहकाऱ्यांसोबत १९६५ साली माँट्रियलच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दगडी भरावाच्या बसण्याचा अभ्यास मांडला. बांधून झालेल्या धरणांच्या नोंदी त्यांनी वेळेच्या नेहमीच्या मापावर न मांडता दसपटीच्या मापावर मांडल्या. म्हणजे एक ते दहा वर्षं हा एक टप्पा आणि दहा ते शंभर वर्षं हा तेवढाच दुसरा टप्पा. या मापावर बसण्याची रेघ जवळजवळ सरळ येते.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. हे आकडे कुठल्याही एका धरणाचे नाहीत, समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, एखादं धरण पहिल्या वर्षाच्या अखेरपासून दहाव्या वर्षापर्यंत सहा सेंटिमीटर बसलं. या नियमाने दहाव्या वर्षापासून शंभराव्या वर्षापर्यंत ते आणखी सहाच सेंटिमीटर बसेल. दहाव्या वर्षी त्याचा वेग वर्षाला अडीच मिलिमीटरच्या जवळ असेल, पन्नासाव्या वर्षी अर्ध्या मिलिमीटरवर आलेला असेल. चाळिसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंतच्या वीस वर्षांत ते जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाईल.

येलदरी आज त्याच वयात आहे आणि मराठवाड्यातली बरीच मोठी धरणं त्याच्या मागोमाग. गोदावरीवरचं जायकवाडी १९७६ सालचं. या वयाच्या भिंतीने एखाद्या वर्षी तीन मिलिमीटर खाली जाणं म्हणजे दहाव्या वर्षापेक्षाही जास्त वेग धरणं. आकडा तीनच मिलिमीटरचा, पण तो उताराच्या रेघेवरून सुटलेला. असा सुटलेला आकडा ओळखायचा तर आधीची रेघ हातात असावी लागते. ती नसेल, तर तीन मिलिमीटर हा निव्वळ एक आकडा राहतो.

मराठवाड्यात या रेघेला आणखी एक पेच आहे. इथला तलाव दरवर्षी नेमाने भरत नाही. लागोपाठ दोन-तीन वर्षं तो तळाला जातो आणि मग एका पावसाळ्यात काठोकाठ भरतो. पाण्याचा भार आला-गेला की भिंत काही मिलिमीटर पुढे-मागे होते आणि ही हालचाल परत फिरणारी असते. मे महिन्यात रिकाम्या तलावाचं माप घेतलं आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात भरलेल्या तलावाचं, तर दोघांतला फरक भिंतीच्या बसण्याचा की पाण्याच्या भाराचा, हे सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक मापाशेजारी त्या दिवशीची जलपातळी लिहावी लागते आणि तुलना करायची ती सारख्या पातळीच्या, सारख्या ऋतूतल्या मापांची. बरीच वर्षं उघडा पडलेला वरचा भाग वाळतो, काळ्या मातीच्या गाभ्याला तडा जाण्याची भीती असते. त्यामुळे दुष्काळानंतरची पहिली भरणी जवळजवळ नव्या धरणाच्या पहिल्या भरणीइतक्या काळजीने पाहायची असते.

माथ्यावरची सकाळ

सगळ्यात जुनी आणि आजही सगळ्यात विश्वासाची पद्धत म्हणजे लेव्हल काढणं. धरणाच्या माथ्यावर आणि उतारांवर ठरावीक साखळी क्रमांकांना सिमेंटचे छोटे खांब पुरलेले असतात, त्यांच्या डोक्यावर धातूची खूण. धरणाच्या बाहेर, भिंतीच्या वजनाचा परिणाम पोहोचणार नाही अशा ठिकाणी पक्क्या खडकावर बेंचमार्क. बेंचमार्कपासून निघायचं, एकेक खूण वाचत दुसऱ्या टोकाला जायचं आणि परत बेंचमार्कवर येऊन हिशेब बंद करायचा.

काम सूर्य चढायच्या आत उरकायचं असतं. मराठवाड्यात दहानंतर माथ्यावरची हवा तापून थरथरू लागते आणि दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे नाचताना दिसतात. खलाशी खुणेवर पट्टी उभी धरतो, तिच्यावरच्या गोल पातळीचा बुडबुडा मधोमध आला की तो हात करतो. मागच्या आणि पुढच्या पट्टीचं अंतर सारखं ठेवतात, म्हणजे यंत्राची बारीक चूक आणि हवेतून वाकणाऱ्या प्रकाशाची चूक दोन्हीकडे सारखी पडून एकमेकींना खाते. शेवटी मूळ बेंचमार्कवर परतल्यावर आकडा तंतोतंत जुळत नाहीच. काळजीने केलेल्या कामात एका किलोमीटरला एक-दोन मिलिमीटरची तूट-वाढ राहते. अंतर वाढलं की ती वाढते, पण अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. चार किलोमीटरला दोन ते चार मिलिमीटर, जायकवाडीसारख्या दहा किलोमीटरच्या भिंतीला त्याहून अधिक.

आता वरचं उदाहरण पुन्हा पाहा. पन्नाशीतली भिंत वर्षाला अर्धा मिलिमीटर बसते आणि मापाची चूक दोन ते चार मिलिमीटर. एका वर्षाच्या मापातून काहीच कळणार नाही. दोन वर्षांच्या मापातूनही नाही. वीस वर्षांत मात्र एक सेंटिमीटरचा फरक पडतो आणि तो चुकीच्या धुक्यातून स्पष्ट वर येतो. यंत्र कितीही महागडं आणलं तरी हा काळ विकत घेता येत नाही.

बेंचमार्क कुठे आहे, हा प्रश्न काळ्या जमिनीच्या मुलखात तर जिवावरचा. चुडाव्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको की ही जमीन उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून त्या भेगा मिटवते. घराच्या जोत्याला यातूनच तडे जातात. समजा, कुणी सोय म्हणून बेंचमार्कचा खांब अशा जमिनीत उथळ पुरला. पावसाळ्यात माती फुगून खांब वर उचलला जाईल आणि वहीत दिसेल, धरण खचलं. उन्हाळ्यात माती आकसून खांब खाली येईल आणि वहीत धरण वर आलेलं दिसेल. धरण जागेवरच असेल. म्हणून बेंचमार्क काळ्या मातीच्या खाली, कठीण खडकात पाय रोवून बसवायचा आणि एकावर भरवसा न ठेवता दोन-तीन बेंचमार्क एकमेकांशी अधूनमधून ताडून पाहायचे.

पोटातली मापं

माथा खाली गेला हे वरून कळतं. भरावाचा कोणता थर बसला, हे कळायला पोटात उतरावं लागतं. मातीच्या धरणांसाठी जुनी आणि दणकट पद्धत क्रॉस आर्मची. भारतीय मानक ब्युरोची त्यासाठी स्वतंत्र संहिताही आहे, आयएस ७५००. धरण चढत जातं तसतसे एकात एक सरकणाऱ्या लोखंडी नळांचे तुकडे उभे जोडत नेतात. ठरावीक उंचीवरच्या तुकड्यांना आडवे लोखंडी हात जोडलेले असतात, ते भरावात गाडले जातात. भराव बसला की हात त्याच्याबरोबर खाली जातो आणि त्याचा नळाचा तुकडाही. मापाच्या वेळी पोलादी फितीला लावलेला टॉर्पेडो नळात सोडतात. त्याच्या बाजूचे खटके प्रत्येक तुकड्याच्या खालच्या कडेला अडकतात, फीत ताणून आकडा वाचतात आणि पुढच्या तुकड्याकडे जातात. दोन हातांमधलं अंतर जेवढं घटलं, तेवढा मधला थर दबला.

दगडी भरावात पाण्याच्या पातळीवर चालणारं साधन जास्त चालतं. भरावात एक बंद डबी गाडतात आणि तिच्यापासून नळ्या खालच्या उतारावरच्या मापघरापर्यंत आणतात. नळीत पाणी भरलं की ते डबीतल्या ठरावीक काठावरून सांडतं आणि मापघरातल्या काचेच्या नळीत पाणी नेमक्या त्याच पातळीला स्थिरावतं. डबी खाली गेली की काचेतली पातळीही खाली. यात वीज नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही आणि म्हणूनच ते दशकानुदशकं चालतं, नळीत हवेचा बुडबुडा अडकला नाही तर.

या मापांच्या जोडीला आत किती दाबाचं पाणी आहे हे सांगणारे पिझोमीटर आणि पायथ्याशी झिरपा मोजणारा व्ही-नॉच असावाच लागतो. झिरप्याचं पाणी किती यापेक्षा ते गढूळ आहे का, हे आधी पाहतात. गढूळ पाणी म्हणजे भिंतीतली माती बाहेर वाहते आहे. माथ्यावरची एखादी खूण शेजारणींपेक्षा जास्त बसू लागली आणि त्याच जागेच्या खाली झिरपा वाढला, तर या दोन नोंदी मिळून जे सांगतात ते एकेकटी कधीच सांगत नाही.

सातशे किलोमीटरवरून

गेल्या काही वर्षांत यात उपग्रहांची भर पडली आहे. रडार असलेला उपग्रह सुमारे सातशे किलोमीटर उंचीवरून लहरी सोडतो, त्या जमिनीवर आपटून परततात. पुढच्या फेरीत तीच जागा किंचित खाली गेली असेल तर परतणारी लहर थोडी मागे पडते. दोन फेऱ्यांतल्या लहरी एकमेकींवर ठेवून हा फरक काढतात. २०१४ पासून फिरणाऱ्या युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची लहर साडेपाच सेंटिमीटरांची आहे. लहरीचा अगदी बारीक अंशही मोजता येतो, त्यामुळे अनेक फेऱ्यांच्या नोंदी जमल्या की वर्षाला काही मिलिमीटरची हालचालही पकडता येते.

दगडी भरावाची भिंत या पद्धतीला मानवते. उघडे, न हलणारे दगड लहर दरवेळी सारखीच परत पाठवतात. आपल्याकडच्या मातीच्या धरणांच्या खालच्या उतारावर मात्र पावसाळ्यात गवत-झुडपं माजतात आणि छोट्या लहरींना जमिनीऐवजी हलणारी पानंच दिसतात. इथे लांब लहर उपयोगी पडते. भारत आणि अमेरिकेचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेला. त्याच्यावर दोन रडार आहेत, त्यातल्या एकाची लहर सुमारे २४ सेंटिमीटरांची, हिरवळीतून बऱ्यापैकी पार जाणारी. दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर येतो.

उपग्रहाच्याही मर्यादा आहेत. तो तिरकस पाहतो, त्यामुळे नजरेच्या रेषेतली हालचाल त्याला नीट कळते आणि उत्तर-दक्षिण सरकणं जवळजवळ कळतच नाही. पाण्याखालचा उतार त्याला दिसत नाही, भिंतीच्या पोटातलं तर नाहीच. शिवाय त्याचाही हिशेब शेजारच्या एखाद्या न हलणाऱ्या जागेच्या तुलनेतच होतो. म्हणजे बेंचमार्कचा प्रश्न तिथेही सुटत नाही. चार किलोमीटरची भिंत एकाच वेळी आणि महिन्यातून दोनदा पाहून कुठे काही वेगळं चाललंय हे सांगणं, हा त्याचा खरा फायदा. मग त्या जागी लेव्हल घेऊन माणसाने जायचं.

सारखं बसणं आणि वेगवेगळं बसणं

सगळी भिंत एकसारखी बसली तर फारसं बिघडत नाही. शेजारशेजारचे दोन भाग वेगवेगळे बसले की मधे ताण येतो आणि भिंतीला आडवा तडा जातो. आडवा तडा म्हणजे पाण्याला तलावाकडून खालच्या बाजूला जायची आयती वाट. म्हणून अनुभवी अभियंता सगळ्या खुणांकडे सारखं पाहत नाही. मातीची भिंत दगडी सांडव्याला जिथे मिळते तो सांधा तो आधी पाहतो, कारण दगडी बांधकाम बसत नाही आणि माती बसते. मग घळभरणीची जागा, जिथे भराव सर्वांत उंच आणि घाईने केलेला असतो. आणि मग भिंतीखालून पाणी सोडणाऱ्या विमोचकाच्या वरचा माथा.

या शेवटच्या जागेचं महत्त्व पुण्याने १९६१ साली अनुभवलं. पानशेत धरणाचं काम अपुरं असताना पावसाळा जोरात आला. विमोचकाचे दरवाजे अर्धवट उघडलेल्या अवस्थेत अडकले होते, त्यातून पाणी धक्के देत जात होतं. विमोचकाच्या वरचा भराव खचू लागला, माथ्याला भेगा पडल्या. अडीच तासांत माथा सुमारे १.४ मीटर खाली गेल्याची नोंद आहे. १२ जुलैला धरण फुटलं, खाली खडकवासल्याची भिंतही गेली आणि पुण्यात पूर शिरला. एवढ्या वेगाच्या हालचालीला मोजायला यंत्र लागत नाही, ती डोळ्यांना दिसते. मिलिमीटरची पाळत असते ती गोष्ट या थराला जाण्याच्या कितीतरी आधी, हाताशी महिने असताना, कळावी म्हणून.

कॅनडातल्या बेनेट धरणाची गोष्ट वेगळ्या अंगाने शिकवते. १८३ मीटर उंचीच्या या मातीच्या धरणाच्या माथ्यावर १९९६ च्या जूनमध्ये खड्डा पडला. तो पडला एका जुन्या मापखुणेच्या पोलादी नळाभोवती. नळाच्या आजूबाजूची माती बांधताना रोलरने नीट दाबता आली नव्हती, ती आतल्या आत सैल होत गेली. तलाव खाली आणून दुरुस्ती करावी लागली. भिंतीत घातलेलं प्रत्येक साधन ही भिंतीतली एक संभाव्य कच्ची जागाही असते.

काँक्रीटची चादर असलेल्या दगडी धरणांनी २००५-०६ च्या सुमारास आणखी एक धडा दिला. ब्राझीलमधल्या कांपोस नोव्होस आणि लेसोथोमधल्या मोहाले धरणांत पहिल्या भरणीच्या वेळी चादरीचे मधले सांधे चेपून फुटले. खालचा दगड बसताना दोन्ही काठांकडून दरीच्या मध्याकडे सरकला आणि काँक्रीटला ओढत घेऊन गेला. गळती वाढली, पण दगडी भराव जागेवर राहिला. तेव्हापासून उंच धरणांच्या मधल्या सांध्यांमध्ये दबू शकणारा पदार्थ भरतात.

भूकंपाचाही यात संबंध येतो. चिलीमधलं कोगोती धरण दगड नुसते ओतून केलेलं. १९४३ च्या भूकंपात त्याचा माथा एका झटक्यात ४० सेंटिमीटरच्या आसपास बसला. आपल्याकडे १९९३ च्या किल्लारीनंतर मराठवाडा भूकंपमुक्त आहे असं कुणी म्हणत नाही. २०२४ साली २१ मार्चला आणि १० जुलैला हिंगोली जिल्ह्यात साडेचार रिश्टरचे धक्के बसले आणि ते परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. येलदरी आणि सिद्धेश्वर याच मुलखात आहेत. एवढ्या धक्क्याने नीट दाबलेल्या भिंतीला इजा होण्याची शक्यता कमी. पण धक्क्यानंतर खुणा पुन्हा वाचायच्या असतात आणि वाचल्यावर कशाशी ताडायचं, तर धक्क्याआधीच्या मापांशी. ती ताजी नसतील तर धक्क्याने किती बसलं आणि आधीच्या दहा वर्षांत किती, याची फोड करता येत नाही.

वही कुणाची

महाराष्ट्रात देशातली सर्वाधिक मोठी धरणं आहेत, २,३०० हून अधिक. त्यांच्या पाठीशी नाशिकची धरण सुरक्षितता संघटना, तिथलीच महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर निरीक्षणाची पद्धत जुनीच. ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या धरण सुरक्षा कायद्याने तिला बळ दिलं. पंधरा मीटरहून उंच धरणांवर आवश्यक मापनसाधनं बसवणं, त्यांच्या नोंदी ठेवणं आणि त्यांचं विश्लेषण करणं ही आता धरणाच्या मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. जुन्या धरणांचं पहिलं सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचं आहे.

खरी अडचण कायद्याच्या कलमांत नसून रोजच्या कामात येते. माथ्यावरचा मापाचा खांब ट्रॅक्टरच्या धक्क्याने मोडतो आणि नवा बसवताना जुन्याशी त्याचं नातं लिहून ठेवलं जात नाही. बदली होते, मोजणीची वही कपाटात राहते आणि नवा माणूस कोऱ्या वहीत पहिल्यापासून सुरुवात करतो. बेंचमार्क बदलतो आणि त्या दिवशी सगळं धरण कागदावर चार सेंटिमीटर वर-खाली होतं. यातली प्रत्येक गोष्ट किरकोळ वाटते, पण प्रत्येक वेळी चाळीस वर्षांची रेघ तुटते आणि भिंतीचा वेग सांगणारी एकमेव गोष्ट हातची जाते. नवी यंत्रं आजपासून पुढचं मोजतील. १९६८ नंतरच्या पहिल्या दहा वर्षांत भिंत किती बसली, हे आता कुठलंही यंत्र सांगू शकणार नाही. ते जुन्या वहीत असेल तरच आहे. म्हणून आहेत त्या जुन्या वह्या शोधून, त्यातल्या खुणा आजच्या खुणांशी जोडून संगणकावर चढवणं, हे धरणावर नवा उपग्रह वापरण्याइतकंच निकडीचं आणि त्याहून कितीतरी स्वस्त काम आहे.

धरणाच्या खालच्या गावांनाही यात विचारण्याजोगं काही आहे. पावसाळ्याच्या तोंडावर धरण सुरक्षित आहे का, असं विचारलं की उत्तर नेहमी होकारार्थीच येतं आणि त्याने कुणाला काही कळत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात. माथ्याची लेव्हल शेवटची केव्हा काढली? ती कोणत्या बेंचमार्कवरून? आणि आधीच्या वीस वर्षांच्या रेघेवर ती बसते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एका ओळीत देता येतात. तिसऱ्याचं उत्तर देता आलं, तर त्या धरणाची पाळत खरोखर चालू आहे असं खुशाल समजावं.